भानुमतीबाईंना वैधव्य मंजूर

विवाह ही पवित्र संस्था आहे, हे लग्न झालेल्या माणसांना वरचेवर सांगावं लागतं. न झालेल्यांना ते आपोआप पटलेलं असतं. ज्या वर्षी दिल्लीच्या मोठ्या कोर्टात बाईचं बाईशी आणि पुरुषाचं पुरुषाशी लग्न लागू शकतं की नाही यावर वाद चालू होता, त्या वर्षी ही पवित्रता जबलपुरातही धोक्यात आली. राइट टाउनच्या भगिनी मंडळाच्या ते उन्हाळ्यातच लक्षात आलं. (कोर्टाचं कामकाज मोबाइलवर थेट दिसत होतं आणि दुपारच्या मालिका त्या दिवसांत फारच रेंगाळल्या होत्या.)

मंडळाच्या सचिव शरयूताई मोकाशी. समाजात जे काही वाईट घडतं ते वेळेवर ठराव न केल्यामुळे घडतं, असं त्यांचं मत होतं, आणि आपल्या हातून तसं होऊ नये म्हणून त्या जपत. प्लॅस्टिकच्या पिशव्या, ग्वारीघाटावरचं निर्माल्य, घरात मुलांशी मराठीतच बोलणं, अशा सगळ्या विषयांवर मंडळाचे ठराव होते. (मराठीचा ठराव मांडणाऱ्या बाईंनी तो मांडून झाल्यावर फोनवर मुलाला सांगितलं होतं, "बेटा, दूध उतार देना.") ठरावांचा परिणाम काही झाला नव्हता, पण फाइल व्यवस्थित होती. तेव्हा मे महिन्यात शरयूताईंनी आणखी एक ठराव मांडला: आपल्या संस्कृतीत न बसणाऱ्या तसल्या विवाहांना मंडळाचा ठाम विरोध आहे.

"तसल्या" या शब्दावर बरीच चर्चा झाली होती. खरा शब्द लिहायला कोणी तयार नव्हतं, कारण फाइल शरयूताईंच्या देवघराखालच्या कपाटात राहायची.

ठराव टाइप करायला बसल्या होत्या सहसचिव विनता सुभेदार. मंडळात मराठी टायपिंग येणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तसल्या म्हणजे कसल्या, ते पुढे खुलासा म्हणून टाकू काय?"

"नको," शरयूताई म्हणाल्या. "कळतंय सगळ्यांना."

"बरं," विनताबाई म्हणाल्या आणि त्यांनी "संस्कृती"ची वेलांटी दुरुस्त केली. भानुमती देशकर तेव्हा सगळ्यांना पन्हं देत फिरत होत्या. ठराव एकमताने मंजूर झाला. विनताबाई आणि भानुमतीबाईंनीही सह्या केल्या, एकाखाली एक.

दोघींबद्दल सांगायला हवं. विनताबाई तोफगाडी कारखान्याच्या हिशेब खात्यात होत्या, भानुमतीबाई मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. तरुणपणी कधीतरी भानुमतीबाई एका पावसाळ्यापुरत्या म्हणून विनताबाईंच्या घरी राहायला आल्या आणि त्यानंतर दोघी रिटायर झाल्या. स्कूटर विनताबाई चालवायच्या, मागे पिशवी घेऊन भानुमतीबाई. घरात दूध एकच पिशवी, पेपर एकच, पलंग एकच. (पलंगाचं शरयूताईंना ठाऊक होतं. पण दुसरी खोली पुस्तकांनी भरलेली होती, आणि पुस्तकं काही कोणी जमिनीवर ठेवत नाही.) मंडळात त्यांना "त्या दोघी" म्हणत. मैत्री असावी तर त्या दोघींसारखी, असं सासवा सुनांना सांगत. एका कोजागिरीला जोडप्यांचा खेळ झाला, जोडीदाराच्या नावडत्या भाज्या ओळखायच्या. गंमत म्हणून त्या दोघींना बसवलं तर त्यांनीच बक्षीस नेलं. बाकीच्या जोडप्यांपैकी निम्मी, शरयूताईंच्या अंदाजाने, एकमेकांशी फक्त सिलिंडर संपला की बोलत.

ऑक्टोबरात दिल्लीचा निकाल लागला. असं लग्न आजच्या कायद्यात बसत नाही, बसवायचं तर ते काम संसदेचं, असं कोर्टानं सांगितलं. ठरावाला एवढं यश प्रथमच आल्यामुळे मंडळात पेढे वाटले. भानुमतीबाईंना शुगर होती, म्हणून त्यांचाही पेढा विनताबाईंनी खाल्ला.

डिसेंबरात विनताबाईंच्या छातीत दुखलं. नेपियर टाउनमधल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. अतिदक्षता विभागाच्या दारावरच्या माणसानं भानुमतीबाईंना विचारलं, "दीदी, पेशंट की कौन लगती हैं आप?"

भानुमतीबाईंनी आयुष्यभर मुलींना अवघड प्रश्न विचारले होते. हा त्यांना कोणी विचारला नव्हता. "एकत्र राहतो आम्ही," त्या म्हणाल्या.

"सिर्फ फैमिली जा सकती है, दीदी."

तेवढ्यात शरयूताई नवऱ्याला घेऊन पोचल्या. चिंतामणराव मोकाशी विद्युत मंडळातून निवृत्त झालेले. घरची वीज गेली की "येईल" म्हणायचे आणि पेपर वाचायचे. ते पुरुष होते आणि स्वेटर चांगला होता, म्हणून त्यांना कोणी काही विचारलं नाही. त्यांनी आत जाऊन विनताबाईंना "कसं काय?" म्हटलं, जरा उभे राहिले आणि बाहेर आले. "ठीक आहेत," त्यांनी सांगितलं. "भानू कुठे आहे म्हणत होत्या."

भानू बाकावर होती. पहाटे विनताबाई गेल्या तेव्हाही ती बाकावरच होती.

घरचे म्हणून इंदूरहून भाचा आला, मुरलीधर सुभेदार. नम्र माणूस, एम.एस्सी. झालेला, विम्याच्या धंद्यात. लोक त्याला भेटून हळहळले, कारण आत्या त्याची गेली होती. भानुमतीबाईंनी आल्या-गेल्याला चहा केला; काही जणांनी जाताना त्यांनाही सांगितलं, "मुरलीधरला जपा, फार लावून घेतलंय त्यानं." दहाव्याला ग्वारीघाटावर पिंडाला कावळा शिवेना. जबलपूरचे कावळे एरवी काय वाटेल ते खातात, पण त्या दिवशी ते झाडावर बसून राहिले. विष्णुपंत गुरुजींनी सांगितल्यावर मुरलीधरनं पुस्तकं वाचनालयाला देतो, दरवर्षी अन्नदान करतो, असं सगळं कबूल करून पाहिलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला. भानुमतीबाई तिथे नव्हत्या. घाटावरून परतणाऱ्यांचा स्वयंपाक कोणीतरी करायला हवा होता.

तेराव्याचं जेवण झाल्यावर मुरलीधर सुपारी कातरत म्हणाला, "मावशी, तुमची काय व्यवस्था? घाई नाही. मार्चपर्यंत बघा."

घर विनताबाईंच्या वडिलांचं, नंतर विनताबाईंच्या नावावर. इच्छापत्र दिवाळीनंतर करू म्हणत होत्या. कुठली दिवाळी ते सांगितलं नव्हतं. शरयूताई भानुमतीबाईंना घेऊन बापूसाहेब वकिलांकडे गेल्या. बापूसाहेब हे जबलपूरच्या मराठी समाजातले मान्यवर पुरोगामी. धर्म आणि कायदा यांची फारकत झाली पाहिजे म्हणून ते घरच्या सत्यनारायणाला बसत नसत, प्रसाद घेऊन लगेच ऑफिसात जात. तसल्या विवाहांच्या बाजूनं त्यांनी वर्तमानपत्राला तीन पत्रं लिहिली होती, पैकी एक गव्हाच्या भावाखाली छापूनही आलं होतं.

"कायद्याच्या दृष्टीनं," बापूसाहेब हळुवारपणे म्हणाले, "पत्नी नाही, बहीण नाही, भाडेकरूसुद्धा नाही. म्हणजे बघा, तुम्ही कोणीच नाही. हे अन्यायाचं आहे. मी यावर लिहिणार आहे."

"मग घराचं?" शरयूताईंनी विचारलं.

"घर मुरलीधरचं. पण कायदा बदलेल. एक पिढी जाऊ द्या."

भानुमतीबाईंनी विचार केला. त्यांच्याकडे पिढी नव्हती, मार्च होता. त्यांनी नमस्कार केला आणि त्या उठल्या.

संक्रांत आली. हळदीकुंकवाची बैठक नेहमीप्रमाणे अध्यक्ष नर्मदाबाई वानखडे यांच्या हॉलमध्ये भरली. नर्मदाबाई मूळच्या वऱ्हाडातल्या, मझौलीला शेती, वय ऐंशीच्या पुढे. यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाल्यामुळे त्या हळदीकुंकवाला स्वतः बसत नसत, पण वाण कोणतं, तिळगूळ किती आणि अत्तरदाणी कोणाकडे, हे सगळं त्याच ठरवत. घोड्यावर न बसता फौज चालवावी तसं.

चिवडा फिरला. बोलावणी कोणाकोणाला, हे निघालं. शकु नावाच्या एक तरुण बाई (पंचावन्नच्या) म्हणाल्या, "भानुमतीबाईंना बोलवायचंच न? त्यांना तर सुतकही नाही."

पुष्पाताई म्हणाल्या, "दरवर्षी कुमारिका म्हणून लावतोच आपण कुंकू."

हे खरं होतं. त्या दोघींना कुमारिका म्हणून कुंकू लावता लावता मंडळानं त्यांची पेन्शन सुरू झालेली पाहिली होती आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

नर्मदाबाईंनी चिवड्यातली मिरची बाजूला काढली. "तिले कुंकू कसं लावता यंदा? तिचं माणूस गेलं न."

शकुच्या हातातला चिवडा बशीत परत गेला.

"माणूस म्हणजे, काकू?" शकुनं विचारलं.

"माणूस म्हणजे माणूस. काहून, तुम्हाले माहीत नव्हतं काय?"

कोणाला माहीत नव्हतं असं कोणी म्हणालं नाही. पुष्पाताईंनी फक्त एवढंच म्हटलं, की नियमाप्रमाणे बघायचं तर मग दोघींत नवरा कोण होता हे ठरवावं लागेल. यावर मतभेद झाला. स्कूटर विनताबाई चालवायच्या, तेव्हा त्या. पण पुरणपोळीही विनताबाईच करायच्या, आणि उडालेला फ्यूज भानुमतीबाई बसवायच्या. पगार विनताबाईंचा जास्त, पण भाजीवाल्याशी भांडायला भानुमतीबाई जायच्या. पुरावा दोन्हीकडे सारखा पडू लागला तेव्हा नर्मदाबाई म्हणाल्या, "जी गेली तो नवरा. आपल्यात मांगं राहते ते बायकोच."

हा निकष सगळ्यांना पटला. दिल्लीला मोठमोठे वकील आणून कित्येक दिवस घालवले तरी जे सुटलं नव्हतं, ते राइट टाउनमध्ये चिवड्याच्या दुसऱ्या फेरीच्या आत सुटलं. भानुमतीबाईंना विधवा समजण्यात यावं आणि यंदा हळदीकुंकवाला बोलावू नये, असं ठरलं. हे त्यांना जाऊन सांगायचं काम सचिवांचं.

रात्री शरयूताई हे लिहून काढत होत्या. चिंतामणरावांनी खांद्यावरून वाचलं. "म्हणजे त्यांचं लग्न झालं होतं, असं मंडळाचं म्हणणं आहे?"

"असं कुठे लिहिलंय?"

"लग्नाशिवाय विधवा कशी होते?"

शरयूताईंनी पेन खाली ठेवलं. मे महिन्यातला ठराव त्यांनीच मांडला होता. तो याच फाइलीत, थोडा वर होता. तसली लग्नं होऊ नयेत, असं मंडळ म्हणत होतं, आणि तसल्या लग्नातली एक बाई विधवा झाली आहे, असंही मंडळच म्हणत होतं. त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "तुम्ही जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. भानुमतीबाई पुस्तकं खोक्यांत भरत होत्या. शरयूताईंनी वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. परंपरा, रीत, कोणाचं मन दुखवायचा हेतू नाही. राग आला तर काय म्हणायचं, तेही ठरवलं होतं. शेवटी त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं.

भानुमतीबाई हातात पुस्तक घेऊन उभ्या राहिल्या. "म्हणजे तुम्ही मला बोलवून नाही राहिल्या."

"नाही."

"विधवा म्हणून."

"हो. म्हणजे, नर्मदाबाईंचं म्हणणं असं पडलं की तुमचं माणूस..."

"काय म्हणाल्या त्या?"

"तिचं माणूस गेलं, म्हणाल्या."

भानुमतीबाई खोक्यावर बसल्या आणि रडू लागल्या. दवाखान्यात, घाटावरून माणसं परतली तेव्हा, मुरलीधरच्या सुपारीपुढे, कुठेच त्या रडल्या नव्हत्या. तिथे त्या कोणी नव्हत्या, आणि जो कोणी नसतो त्यानं रडायचं म्हणजे लोकांना पाणी आणून द्यावं लागतं. आता त्या मोठ्यानं, लाज सोडून रडल्या. शरयूताईंना काय करावं ते सुचेना. मग त्या शेजारच्या खोक्यावर बसल्या, आणि त्यांना विनताबाई चष्म्यावरून बघत "कसल्या?" म्हणाल्या होत्या ते आठवलं आणि त्याही रडल्या.

बऱ्याच वेळानं भानुमतीबाई डोळे पुसून म्हणाल्या, "नर्मदाबाईंना माझा नमस्कार सांगा. फार उपकार झाले."

अपमान केल्याबद्दल आभार मानल्याची घटना मंडळाच्या इतिहासात पहिलीच. शरयूताईंनी ती नर्मदाबाईंच्या कानावर घातली आणि भानुमतीबाईंना मार्चमध्ये घर सोडायचं आहे, हेही सांगितलं.

नर्मदाबाईंनी मान वर केली. "विधवा बाईले घराबाहेर काढून राहिला तो?"

"कायद्यानं घर त्याचं आहे."

"असंल. पण आपण तिले विधवा म्हटलं न? मंग ती विधवा."

नर्मदाबाईंच्या डोक्यात एकदा एक गोष्ट ठरली की तिच्यामागून जे जे यायचं ते सगळं ओळीनं यायचं. दुसऱ्याच दिवसापासून भगिनी मंडळाच्या बायका भानुमतीबाईंना भेटायला येऊ लागल्या, एक महिना उशिरा पण रीतसर. कोणी पिठलं-भात आणला, कोणी नुसत्या येऊन हात धरून बसल्या. ज्या ज्या बाईनं मे महिन्यात सही केली होती, ती ती येऊन गेली. शकुनं विचारलं, शेवटी काही बोलल्या काय विनताबाई. भानुमतीबाई म्हणाल्या, चिंतामणरावांना विचारायला हवं.

फेब्रुवारीत मुरलीधर घर दाखवायला एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. व्हरांड्यात खुर्ची टाकून नर्मदाबाई बसल्या होत्या. शेजारी शरयूताई.

"ये बाप्पा," नर्मदाबाई म्हणाल्या. "हे भैया कोण?"

"घर बघायला आलेत, काकू. कायद्यानं आता..."

"कायद्याचं मले नाही समजत. तू मले एक सांग. घाटावर कावळा शिवला होता काय?"

मुरलीधर घुटमळला. "दर्भाचा केला होता."

"दर्भाचा तं माह्यासारख्या म्हातारीलेही करता येते. खरा काहून नाही शिवला?"

"पुस्तकांचं कबूल केलं होतं मी. अन्नदानाचंही."

"आत्याचा जीव पुस्तकात होता काय? पुस्तकात जीव अडकून कोणी मेलेलं मी नाही पाहिलं. आत कोण बसलं आहे ते पाय." त्यांनी आवाज न चढवता पुढे विचारलं, "पोरीचं जमून राहिलं नाही म्हणते तुझ्या?"

मुरलीधर विज्ञानाचा पदवीधर होता, म्हणून त्यानं चांगली दोन मिनिटं विचार केला. मुलीचं दोनदा जुळत आलेलं मोडलं होतं, दोन्ही डिसेंबरनंतर. त्यानं अंगणातल्या झाडाकडे पाहिलं. गिऱ्हाइकानंही पाहिलं. गिऱ्हाईक कटनीचा व्यापारी होता, त्याला मराठी येत नव्हतं, पण कावळा हा शब्द हिंदीतल्या कौव्यापासून फार लांब नाही. "हम बाद में आते हैं," म्हणून तो निघाला आणि परत आला नाही.

मुरलीधरनं त्याच व्हरांड्यात सांगितलं, की भानुमावशी आहेत तोवर घर जसं आहे तसं राहील. आत जाऊन त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला, जसा काकीला करतात, आणि खोकी रिकामी करायला मदत केली. कायद्याला भिऊन कोणी घराचा ताबा सोडल्याचं जबलपुरात उदाहरण नाही. कावळ्याला भिऊन सोडल्याचं निदान एक तरी झालं.

बापूसाहेबांना हे कळलं तेव्हा ते मनापासून दुखावले. एका नागरिकाचा निवाऱ्याचा हक्क पक्ष्याच्या आधारानं मान्य होणं हे धर्मनिरपेक्ष राज्यघटनेत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी यावर लिहिलं. छापून आलं नाही.

पुढच्या वर्षी भगिनी मंडळाला सुधारणेची लाट लागली. विधवांनाही हळदीकुंकवाला बोलवावं आणि कुंकू लावावं, असा ठराव शरयूताईंनी मांडला. नर्मदाबाईंनी कपाळ पुढे केलं. "लाव बाप्पा," त्या म्हणाल्या, "कपाळ विसरून गेलं असन, बोट तं विसरलं नाही." कुंकू लागल्यावर त्यांनी अत्तरदाणी कोणाकडे आहे ते दोनदा विचारलं.

भानुमतीबाई आल्या नव्हत्या. शरयूताई करंडा घेऊन त्यांच्या घरी गेल्या. भानुमतीबाईंनी त्यांना बसवलं, तिळगूळ घेतला, पण कुंकवाचं बोट पुढे आलं तेव्हा त्यांनी शरयूताईंचा हात हलकेच धरला.

"मला राहू द्या, शरयू."

"आता काही बंधन नाही. मंडळानं उठवलं सगळं."

"तुमचं उठवलं ते चांगलंच केलं. तुमच्याकडे लग्नाचे फोटो आहेत, मंगळसूत्र आहे, सासरची भांडणं आहेत. माझ्याकडे लग्नाचं म्हणून एवढंच आहे."

शरयूताईंनी करंड्याचं झाकण लावलं. त्या म्हणाल्या, "चहा करता काय?" आणि भानुमतीबाई आत गेल्या.

मंडळाच्या फाइलीत आजही सगळं जागच्या जागी आहे. तसले विवाह आपल्या संस्कृतीत नाहीत, हा ठराव मागे घेतलेला नाही. तशा विवाहातल्या विधवेला घरी जाऊन तिळगूळ देण्याची प्रथाही चालू आहे. दोन्हींत विसंगती आहे असं एका बाहेरच्या विद्वानानं दाखवून दिलं, तेव्हा शरयूताईंनी त्यांना चिवडा दिला.

वाचकांचं तसं नाही. वाचक सुशिक्षित असतात आणि त्यांना मंडळाचं हसू येतं, ते स्वाभाविकच आहे. वाचकांच्याही नात्यात एखादी मावशी किंवा आत्या असते, लग्न न केलेली, आणि तिच्याबरोबर प्रत्येक कार्याला येणारी एक मैत्रीण असते. चांगल्या बाई, आल्या की स्वयंपाकघरात मदतीला लागतात, फोटोच्या वेळी स्वतःहून बाजूला होतात. तुमच्या मावशीच्या त्या मैत्रिणीचं नाव काय होतं?

आठवून बघा. मंडळाला घाई नाही.